नाईलकाठची बुडालेली ख्रिस्तमंदिरे

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक चार पाने लिहून द्यावीत, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. तो एका विद्यार्थ्याने पुष्कळ वर्षांपूर्वीच माझ्या पदरी टाकला होता. भूगोलाच्या तासाला मी ईजिप्तमधील आस्वानच्या उंच धरणाची हकीकत सांगत होतो. धरणाच्या पाण्यात पुरातन देवळे बुडणार होती. तेव्हा जगातील अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन त्यांचे चिरे सुटे केले आणि ती उंचावर पुन्हा उभारली, हे मी मोठ्या कौतुकाने सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो धरणग्रस्तांच्या वसाहतीतून शाळेत येत असे. त्याने विचारले, "गुरुजी, देवळे वर नेली, मग माणसे कुठे नेली?"

मला उत्तर देता आले नाही. पाठ्यपुस्तकात ते नव्हते. पुढे सवडीने वाचीत गेलो, तेव्हा उत्तर तर मिळालेच, शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जी देवळे वर नेली ती दगडाची होती. त्याच खोऱ्यात मातीच्या कच्च्या विटांची ख्रिस्तमंदिरेही होती. दगड कापून हलविता येतो. माती पाण्यात विरघळते. त्या मातीच्या मंदिरांची, त्यांच्या शोधाची आणि तेथील माणसांची हकीकत ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

नूबियाचा प्रदेश

ईजिप्तच्या दक्षिण टोकाशी आस्वान आहे. तेथे नाईलच्या पात्रात खडकांची रांग आडवी येते व पाणी फेसाळत वाहते. यास नाईलचा पहिला प्रपात म्हणतात. असे सहा प्रपात असून सहावा सुदानची राजधानी खार्टूम हिच्या उत्तरेस थोड्या अंतरावर आहे. या पट्ट्याला प्राचीन काळापासून नूबिया म्हणतात. दोन्ही बाजूंस वाळवंट आणि मध्ये नदीकाठची अरुंद शेतजमीन. रहाटाने पाणी उपसावे, जोंधळा पिकवावा, खजुरीची झाडे राखावी, असे तेथील जीवन. जेथे पाणी पोहोचले तेथपर्यंत गाव, त्यापुढे वाळू.

सहाव्या शतकात येथे तीन राज्ये नांदत होती. उत्तरेस नोबाडिया, तिची राजधानी फरास. मध्ये मकूरिया, तिची राजधानी डोंगोला. आणि दक्षिणेस अलोडिया, तिची राजधानी निळ्या नाईलच्या काठचे सोबा. ख्रिस्ती धर्म येथे तलवारीच्या बळावर आला नाही. इफेससचा योहान या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, बायझंटाईन सम्राट जस्टिनियन याची राणी थिओडोरा हिने इ. स. ५४३ च्या सुमारास ज्यूलियन नावाचा धर्मोपदेशक नोबाडियाला पाठविला. पुढे लाँगिनस नावाच्या बिशपने ते कार्य चालविले आणि इ. स. ५८० मध्ये तो दूर अलोडियापर्यंत पोहोचला. अशा रीतीने सहाव्या शतकाच्या अखेरीस ही तिन्ही राज्ये ख्रिस्ती झालेली होती.

सातव्या शतकात अरबांनी ईजिप्त जिंकले. इ. स. ६५२ मध्ये त्यांनी डोंगोलाला वेढा घातला. तथापि नूबियाच्या तिरंदाजांनी त्यांना असे तोंड दिले की, अरब लेखकांनी त्यांना 'डोळ्यांचा वेध घेणारे' असे नाव दिले. अखेर तह झाला. नूबियाने दर वर्षी ३६० गुलाम द्यावेत व ईजिप्तने धान्य वगैरे वस्तू पाठवाव्यात, असे त्याचे स्वरूप होते. यातील गुलामांचे कलम आपल्या मनाला बोचते आणि ते बोचलेच पाहिजे. परंतु या तहामुळे हे राज्य सुमारे सहा शतके आपल्या धर्मासह टिकले, हेही खरे. ईजिप्त, सीरिया, उत्तर आफ्रिका या भूमी अरबांच्या सत्तेखाली गेल्यानंतरही नूबियात ख्रिस्ती राजे राज्य करीत होते.

जुन्या देवळांत नवा देव

आरंभीच्या काळी ख्रिस्ती मंडळींनी सर्वत्र नवी मंदिरे बांधली नाहीत. पुष्कळ ठिकाणी जुन्या देवळांतच प्रार्थना सुरू केली. आस्वानजवळच्या फिली बेटावर इसिस देवीचे प्रख्यात देवालय होते. तेथील उपासना जस्टिनियनच्या आज्ञेने बंद झाली व त्याच देवालयाच्या मंडपात संत स्तेफनाचे चर्च स्थापन झाले. त्या देवालयाच्या खांबांवर कोरलेले क्रूस आजही दिसतात.

याहून मौजेची हकीकत वादी अस-सबुआ येथील देवळाची आहे. हे देऊळ फॅरो दुसरा रामसेस याने बांधविले. गाभाऱ्यातील भिंतीवर रामसेस देवाला फुले वाहत आहे असे शिल्प होते. ख्रिस्ती लोकांनी त्यावर गिलावा चढविला आणि देवाच्या जागी संत पीटरचे चित्र रंगविले. कालांतराने भोवतालचा गिलावा गळून पडला. रामसेस उघडा झाला, पीटर मात्र राहिला. त्यामुळे ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकातील तो फॅरो ख्रिस्ताच्या शिष्याला फुले अर्पण करीत आहे, असा देखावा तेथे दिसतो. कोणाही चित्रकाराने हे योजिले नव्हते. ते काळाने घडविले.

मातीचे वास्तुशास्त्र

लवकरच नूबियाने स्वतःची मंदिररचना सिद्ध केली. तिचा मूळ आराखडा भूमध्यसागराच्या काठच्या 'बॅसिलिका' या प्रकारावरून घेतलेला आहे. लांबट चौकोनी इमारत, तीत खांबांच्या रांगांनी पाडलेली तीन दालने, मधले रुंद व बाजूंची अरुंद, आणि पूर्वेच्या टोकास अर्धवर्तुळाकार गाभारा. त्या गाभाऱ्यात धर्मगुरूंना बसण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची बैठक असे व तिच्यापुढे वेदी. येथवर ही रचना इतरत्रही आढळते.

नूबियाचे वैशिष्ट्य पुढे आहे. गाभाऱ्याच्या दोन्ही अंगांस एकेक खोली असे. एकीत पूजाद्रव्यांची सिद्धता व दुसरीत वस्त्रे व पात्रे ठेवण्याची सोय. या दोन खोल्यांना जोडणारा एक चिंचोळा मार्ग गाभाऱ्याच्या मागून काढलेला असे. आपल्या देवळांतील प्रदक्षिणामार्गाची वाचकांना आठवण होईल. परंतु हा मार्ग भक्तांसाठी नव्हता, धर्मगुरूंच्या ये-जा करण्यासाठी होता. पश्चिमेच्या कोपऱ्यांतही दोन खोल्या असत व त्यांपैकी एकीतून जिना वर जाई. मुख्य प्रवेश पश्चिमेकडून नसून उत्तर व दक्षिण या बाजूंच्या भिंतींतून असे. हा आराखडा एकदा ठरल्यावर शतकानुशतके थोड्याफार फरकाने कायम राहिला. त्यामुळेच जमिनीत केवळ हातभर उंचीच्या भिंती सापडल्या, तरी हे चर्च आहे की घर, हे संशोधकांना सांगता येऊ लागले.

या मंदिरांचे छत हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. नूबियात इमारती लाकूड दुर्मिळ. कमान बांधावयाची म्हणजे एरवी खालून लाकडाचा आधार द्यावा लागतो. नूबियातील गवंड्यांनी त्याशिवाय भागविले. प्रथम एका टोकाची भिंत उंच उभारावयाची. तिला टेकून कच्च्या विटांचे पहिले कमानदार कडे किंचित कलते रचावयाचे. त्याला टेकून दुसरे, दुसऱ्याला टेकून तिसरे. विटा पातळ व हलक्या. त्या ओल्या असतानाच बोटांनी खाचा पाडलेल्या, म्हणजे चिखल त्यांत घट्ट बसे. कल असल्यामुळे वीट घसरत नाही व कडे पुरे होताच ते स्वतःचा भार स्वतः पेलते. अशा रीतीने माती, पाणी व हाताचे कसब एवढ्यावर अख्खे छत उभे राही. ही युक्ती फॅरोंच्या काळापासून चालत आलेली होती. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात हसन फतही या ईजिप्शियन वास्तुशास्त्रज्ञाने गोरबगरिबांसाठी स्वस्त घरे बांधावयास घेतली, तेव्हा हे कसब शिकविण्यासाठी त्याला आस्वानकडील नूबियन गवंडीच बोलवावे लागले.

काळ बदलला तशी मंदिरेही बदलली. पहिल्या शतकांतील चर्चे प्रशस्त होती. त्यांत दगडी स्तंभ असत. पुढे स्तंभांच्या जागी विटांचे जाड खांब आले आणि बाराव्या-तेराव्या शतकांनंतरची चर्चे लहान व घुमटाकार झाली. भक्तमंडळी किती उरली होती, याचा अंदाज त्यांच्या आकारावरून बांधता येतो.

धर्मगुरूंविना उरलेली मंदिरे

तेराव्या शतकापासून ईजिप्तच्या मामलूक सुलतानांनी डोंगोलाच्या गादीच्या भांडणात हात घातला. इ. स. १३१७ मध्ये डोंगोलाच्या राजाचा दरबारी महाल मशीद झाला. तसा शिलालेख तेथे आहे. तथापि नूबियातील ख्रिस्ती धर्म एका दिवसात संपला नाही. तो हळूहळू विझला आणि त्याचे कारण युद्धापेक्षा एकटेपणा हे अधिक होते. नूबियाचे बिशप ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या धर्मपीठाकडून नेमले जात. ती वाट बंद होत गेली.

याची एक हृदयद्रावक साक्ष फ्रान्सिस्को आल्वारेस या पोर्तुगीज धर्मगुरूने दिली आहे. इ. स. १५२० मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर दिओगो लोपेस द सेकेइरा याच्या आरमाराबरोबर तो तांबड्या समुद्रात गेला व तेथून इथिओपियाच्या दरबारी पोहोचला. तो तेथे असताना नूबियातून काही मंडळी आली. आमच्याकडे धर्मगुरू उरले नाहीत, ते पाठवावेत, अशी त्यांची विनंती होती. इथिओपियाच्या राजाने असमर्थता दर्शविली. त्याचा स्वतःचा धर्मप्रमुखच अलेक्झांड्रियाहून येत असे. ती मंडळी रिकाम्या हातांनी परतली. त्या प्रदेशात अजून दीडशे चर्चे उभी असून त्यांच्या भिंतींवर चित्रे आहेत, असेही तेथे जाऊन आलेल्या एका मनुष्याने आल्वारेसला सांगितले होते. मंदिरे उभी, पण दिवा लावणारा कोणी नाही, अशी ही अवस्था होती.

यानंतर वाळवंटाची वाळू दारांतून, खिडक्यांतून आत शिरली आणि हळूहळू छतापर्यंत भरली. लोक इस्लामी झाले. जुन्या मंदिरांचा अर्थ विसरला गेला.

फरासचा शोध

विसाव्या शतकाच्या आरंभी काही अभ्यासकांनी या अवशेषांकडे लक्ष दिले. सॉमर्स क्लार्क या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाने नाईलकाठच्या चर्चांची मोजमापे घेऊन इ. स. १९१२ मध्ये त्यांचे आराखडे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास ग्रिफिथ या पंडिताने फरास येथे उत्खनन केले व इ. स. १९१३ मध्ये जुन्या नूबियन भाषेतील लेखांचा अर्थ लावून दाखविला. ग्रीक वळणाच्या लिपीत लिहिलेली ही भाषा शतकानुशतके मुकी होती.

पुढे आस्वानच्या उंच धरणाचे काम जानेवारी १९६० मध्ये सुरू झाले. सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचा जलाशय होऊन उत्तर नूबिया समूळ बुडणार, हे निश्चित झाले. ता. ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगातील राष्ट्रांना मदतीचे आवाहन केले. निरनिराळ्या देशांची पथके आली. आपल्या भारताच्या पुरातत्त्व खात्याचे पथकही ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये आफयेह व तूमास येथे खोदकाम करून आले. त्यांचे काम अश्मयुगीन हत्यारे व प्राचीन दफनभूमी यांविषयीचे होते. फरासचा भाग पोलंडच्या वाट्याला आला. त्यांचे प्रमुख होते प्राध्यापक काझिमेश मिखाउओवस्की.

फरास येथे नदीच्या पश्चिम तीरावर एक मोठी टेकडी होती. वर जुन्या गढीचे अवशेष. आत काय आहे हे कोणास ठाऊक नव्हते. इ. स. १९६१ मध्ये खणण्यास आरंभ झाला आणि वाळू काढता काढता रंगीत भिंत दिसू लागली. एक चित्र, मग दुसरे, मग रांगच. ते बिशपचे मुख्य मंदिर, ज्यास कॅथीड्रल म्हणतात, ते होते. वाळूने ज्याला गाडले होते, त्याचे रक्षणही वाळूनेच केले होते. त्याच्या पायाचे लेख सापडले, एक ग्रीक व एक कॉप्टिक भाषेत. त्यांवरून बिशप पाऊलोस याने इ. स. ७०७ मध्ये, राजा मर्क्युरिओस याच्या कारकीर्दीत हे मंदिर उभारले असे ठरले. ते पाच दालनांचे होते.

शंभराहून अधिक चित्रे मिळाली. ख्रिस्तजन्माचा प्रसंग, धगधगत्या भट्टीत टाकलेले तीन तरुण, देवदूत, राजे, बिशप. येशूची आजी संत ॲना हिचे एक खंडित चित्र आहे. जांभळट रंगाची वस्त्रे, विशाल डोळे आणि ओठांवर ठेवलेले बोट. ती मौन पाळावयास सांगते की मनात प्रार्थना करते, यावर पंडितांत चर्चा आहे. दुसरे चित्र दहाव्या शतकाच्या अखेरीच्या बिशप पेट्रोसचे आहे. त्याच्या मागे संत पीटर उभा असून त्याने बिशपच्या खांद्यांवर हात ठेवले आहेत. संताचा वर्ण गोरा आहे. बिशपचा मात्र सावळा, तेथील मातीचा. चित्रकाराने धर्म बाहेरून घेतला, पण आपल्या माणसाचा चेहरा आपलाच ठेवला.

माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू मात्र चित्र नव्हे. मंदिरातील एका कोनाड्याच्या भिंतीवर फरासच्या सत्तावीस बिशपांची नावे क्रमाने लिहिलेली सापडली. अनेकांच्या नावाबरोबर कारकीर्दीची वर्षेही. आपल्याकडे क्षेत्रोपाध्याय वह्यांत वंशावळी नोंदवितात, तशीच ही नोंद. प्रत्येक पिढीतील कोणा लेखनिकाने मागील नावाखाली पुढचे नाव लिहिले. तेवढ्या साध्या कर्तव्यबुद्धीमुळे पुढच्या संशोधकांना कालगणनेचा आधार मिळाला.

पाणी चढत होते. मंदिर हलविता येत नव्हते. म्हणून चित्रे भिंतीपासून सोडविण्याचे ठरले. चित्रावर पातळ जपानी कागद ठेवावयाचा, त्यावर मेण व राळ यांचे मिश्रण गरम इस्त्रीने मुरवावयाचे आणि मग चित्राखालचा गिलावा करवतीने भिंतीपासून अलग कापावयाचा. इ. स. १९६४ पर्यंत हे काम चालले. सदुसष्ट चित्रे वॉर्सा येथील राष्ट्रीय संग्रहालयात गेली, बाकीची खार्टूमला राहिली. यानंतर फरासवर पाणी आले. भिंती, खांब, छत, सारे पाण्याखाली गेले.

त्याच काळात कस्र इब्रीमच्या उंच टेकडीवरील कॅथीड्रलमध्ये इंग्रज पथकाला बिशप टिमोथिओस याचा देह पुरलेला सापडला. वस्त्रांत दोन लांब गुंडाळ्या होत्या. त्या चौदाव्या शतकाच्या आठव्या दशकातील, त्याच्या नेमणुकीची पत्रे होत, एक कॉप्टिक व एक अरबी. नेमणुकीचे पत्र घेऊन तो आपल्या लोकांकडे आला आणि ते पत्र उराशी धरूनच निजला. कस्र इब्रीम आता पाण्याने वेढलेले बेट झाले आहे.

माणसे कोठे गेली

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. ईजिप्तमधील सुमारे पन्नास हजार नूबियन लोकांना १९६३-६४ मध्ये उत्तरेस कोम ओंबोजवळच्या वसाहतींत नेले. सुदानमधील वादी हल्फा भागातील सुमारे तितक्याच लोकांना आगगाडीने दूर अतबरा नदीकाठी खश्म अल-गिरबा येथे नेले. नाईलचा काठ सोडून ते कधी राहिले नव्हते. वादी हल्फाचा अधिकारी हसन दफअल्ला याने ही हकीकत पुढे पुस्तकरूपाने लिहिली. गाव सोडण्यापूर्वी लोक वाडवडिलांच्या थडग्यांवर जाऊन निरोप घेऊन आले, असे त्यात आहे. आस्वानचे पहिले धरण इ. स. १९०२ मध्ये पुरे झाले व पुढे दोनदा उंच केले गेले. तेव्हापासून काही गावे वरवर सरकतच होती. या वेळी सरकावयास जागाच उरली नाही.

बुडालेल्या चर्चांचे बांधकाम करणाऱ्यांचे हे वंशज. धर्म बदलला, तरी घरावर मातीची कमान रचण्याची रीत त्यांच्यापैकी काही गवंड्यांच्या हातांत होती. चित्रे पेटीत घालून नेता आली; मात्र गाव, नदी व रहाट यांनी बांधलेले जीवन कोणत्याच पेटीत मावले नाही. देवळे वाचविणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी केले ते थोर कार्य होते. परंतु वर्गात ती थोरवी सांगताना दुसरी बाजू मी सांगितली नव्हती, ही माझी चूक होय.

जतन केलेलेही कायमचे सुरक्षित असतेच असे नाही. खार्टूमचे राष्ट्रीय संग्रहालय इ. स. १९७१ मध्ये उघडले. एप्रिल १९२३ नव्हे, अगदी अलीकडे, एप्रिल २०२३ मध्ये सुदानात यादवी युद्ध पेटले. संग्रहालय सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेले आणि मार्च २०२५ मध्ये सैन्याने ते शहर परत घेतले तेव्हा संग्रहालय लुटले गेल्याचे जगाला दिसले. जे पाण्यापासून राखले, ते माणसांपासून राखणे अधिक कठीण ठरले. उलटपक्षी शोधही थांबलेला नाही. डोंगोला जलाशयाच्या पलीकडे असल्याने बुडाले नाही. तेथे पोलिश पथकाला एका प्रचंड मंदिराचा सुमारे सहा मीटर व्यासाचा गाभारा आढळल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. ते नूबियातील सर्वांत मोठे चर्च असावे, असा संशोधकांचा कयास आहे.

वाचकहो, तो विद्यार्थी आज संसारी गृहस्थ असेल. त्याची भेट झाली तर मी त्याला दोन गोष्टी सांगेन. एक, माणसे कोठे गेली ते. दुसरी, फरासच्या कोनाड्यातील त्या सत्तावीस नावांची. ते मंदिर आज नाही, ते गाव नाही, ती भाषाही त्या रूपात कोणी बोलत नाही. पण कोणी तरी वेळेवर लिहून ठेवले आणि कोणी तरी वेळेवर उतरून घेतले, म्हणून ती नावे राहिली. आपल्या घरांतील वृद्ध मंडळींना मूळ गावचे देऊळ, विहीर, वाट आणि पूर्वजांची नावे ठाऊक आहेत. त्यांच्याजवळ बसून ती एका वहीत उतरून घ्यावयास काही खर्च येत नाही. पाणी चढण्याची वाट मात्र पाहू नये.